मध्यस्थ क्षमस्व

हेदवी, ता. गुहागर
२० नोव्हेंबर २०२३

ती. नेत्रावन्स यांस,
मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला वन्स म्हटलं म्हणून रागावू नका. लग्न अजून व्हायचं आहे, पण त्या दिवशी तुमच्या घरी आले तेव्हा दीपालीवन्सच म्हणाल्या, आतापासून सवय करा. तुमचा नीट पत्ता माझ्याकडे नाही. मिरकरवाडा, बर्फाच्या कारखान्यामागचं निळ्या दाराचं घर, एवढंच पाकिटावर घालते. पोस्टमन ओळखत असेल.

पत्र टाकायचं कारण, विनोदरावांचा आणि दीपालीवन्सचा बारा दिवस काही पत्ता नाही. माझा फोन त्यांच्याकडेच आहे. जुना झालाय, नवीन घेऊन देतो म्हणून घेऊन गेले. माझ्या पाटल्या आणि आईची मोहनमाळही त्यांच्याजवळ आहे. मंगळसूत्र घडवायला टाकायचं तेव्हा त्याच सोनाराकडून उजळून आणतो म्हणाले. अंगणवाडीतल्या बाईंच्या फोनवरून नंबर लावला तर तो अस्तित्वात नाही असं सांगतात.

त्यांना काही अपघात तर झाला नाही ना? खरं सांगा. मी धीराची आहे. अकरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची बातमी मुंबईहून आली तेव्हाही मी उभीच होते.

घरी दीर-जावेला यातलं काही ठाऊक नाही. रत्नागिरीला आले तेव्हा आमच्या अंगणवाडी मदतनिसांचं ट्रेनिंग आहे असं सांगून आले होते. सेहेचाळिसाव्या वर्षी लग्न करते म्हटलं तर वाडीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. विनोदरावच म्हणाले, आधी हेदवीच्या गणपतीसमोर हार घालू, मग जोडीने घरी पाया पडायला जाऊ. कुणी बोलणार नाही. ती जाहिरात मी खाऊ बांधून आलेल्या पेपरात वाचली होती. ‘विधुर, ५२, निर्व्यसनी, स्वतःचा व्यवसाय, विधवा चालेल, बहिणीशी बोलावे, मध्यस्थ क्षमस्व.’ बहिणीशी बोलावे, हे वाचून धीर आला. ज्या घरात बहिणी पुढे असतात ते घर चांगलं असतं.

तुमच्या हातची तिसऱ्यांची आमटी अजून आठवते. आणि दीपालीवन्स भावाच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून देत होत्या, ते बघून मला फार बरं वाटलं. किती माया!

उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर टाका. घरी नको.

आपली,
मालन


मिरकरवाडा, रत्नागिरी
२७ नोव्हेंबर २०२३

मालनवहिनींस नमस्कार.

पत्र मिळालं. काळजी करू नये. विनोदच्या बोटीचं इंजिन गेलं, ती मालवणला कामाला लावली आहे. दोघं तिकडेच आहेत. फोन पाण्यात पडला. विनोदला तापही होता. दागिने सोनाराकडे आहेत.

कोणाकडे बोभाटा करू नये. पोलिसांकडे तर मुळीच नको, आपल्याच घराची अब्रू जाते. मार्गशीर्षात तारीख कळवू.

नेत्रा तांडेल


हेदवी
९ डिसेंबर २०२३

ती. नेत्रावन्स यांस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र तीस तारखेला मिळालं. लगेच लिहिणार होते, पण काय लिहावं ते सुचत नव्हतं. ताप उतरला असेल. मालवणला थंडी बाधत असेल तर कानाला काही बांधायला सांगा.

फेब्रुवारीत माझ्या पुतणीचं, सानवीचं लग्न आहे. जाऊबाई कालच म्हणाली, “मालन, तू मोहनमाळ घाल गो, विहिणी बघतील.” मी हो म्हटलं. तेवढी तरी सोनाराकडून लवकर मिळाली तर बरं. पाटल्या मागाहून आल्या तरी चालतील.

मी तुम्हाला जास्त काही विचारत नाही. तुम्ही सांगितलं तेच खरं.

आपली,
मालन


मिरकरवाडा
१४ जानेवारी २०२४

मालनबाई,

तुमच्या डिसेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. आता तुम्ही पेपर वाचलाच असेल. वाचला नसेल तर मीच सांगते.

विनोद आणि दीपालीला पोलिसांनी गोव्याच्या हद्दीजवळ पकडलं. लांज्याकडच्या आवडाबाई नावाच्या एका बाई कणकवलीच्या बाजूला एका लॉजवर मेलेल्या सापडल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, विधवा. सरबतात झोपेच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या असं पोलीस म्हणतात. ते दोघं म्हणतात, बाईंना मुळातच हृदयाचा त्रास होता, दागिने त्यांनी राजीखुशीने दिले. त्यांनाही त्याच जाहिरातीने गाठलं होतं.

विनोद माझा भाऊ नाही. दीपाली त्याची बहीण नाही, बायको आहे. दीपाली माझी सख्खी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मी जाळी शिवून तिला वाढवलं, म्हणून माझं लग्न राहिलं. ते दोघं असं काही करतात हे मला ठाऊक नव्हतं. पाहुणे येणार आहेत, जेवण कर, एवढंच सांगायचे.

तुमचं नाव पोलिसांना माहीत नाही. तुमचा फोनही त्यांनी कुठे विकला की फेकला कोण जाणे. घर आवरताना तांदळाच्या पिंपात एक मोहनमाळ सापडली. ती तुमची असावी. पाटल्या नाहीत. तुम्ही म्हणाल तर माळ गुपचूप पाठवते. सानवीच्या लग्नात गळ्यात दिसेल, कुणाला काही कळणार नाही. तुम्ही कुठे बोलू नका, मीही बोलणार नाही. तुमचीही अब्रू राहील आणि माझ्या मागे आणखी एक केस लागणार नाही.

नेत्रा


हेदवी
२५ जानेवारी २०२४

नेत्राबाई,

वन्स लिहिणार होते. सवय लागली होती.

बातमी मी तुमच्या पत्राच्या आधीच वाचली होती. अंगणवाडीतल्या बाई मोठ्याने वाचत होत्या. फोटो बघितला आणि मी पोरांची ताटं धुवायला मागच्या पडवीत गेले. धुतलेलीच ताटं पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीच गोष्ट निघाली. एकजण म्हणाली, “या वयात नवरा कशाला हवा होता मेलीला?” दुसरी म्हणाली, “अगो, हळद लावायची हौस!” सगळ्या हसल्या. माझी जाऊबाई तर पदर तोंडाला लावून हसली.

आणि मीही हसले. नाही हसले तर कुणाला संशय येईल म्हणून हसले, असं घरी येईपर्यंत मनाला सांगत होते. पण मला आधी हसू आलं आणि कारण मागाहून सुचलं. एक बाई मेली, तिचे आणि माझे एकाच माणसाने एकाच तऱ्हेने हाल केले, आणि तिला मी हसले. रात्री नाही, दिवसाढवळ्या, चारचौघींत.

माळ पाठवा. अंगणवाडीच्या पत्त्यावर. नको म्हणायची माझी ताकद नाही.

फक्त एक विचारते. आवडाबाई तुमच्याकडे कधी आल्या होत्या? माझं पहिलं पत्र तुम्हाला मिळालं त्याच्या आधी की नंतर?

मालन


मिरकरवाडा
८ फेब्रुवारी २०२४

मालनबाई,

सोबत माळ आहे. कापडात गुंडाळून डब्यात घातली आहे, तपासून घ्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीनदा लिहिलं आणि फाडलं. आज लिहिते ते फाडणार नाही.

नंतर. पाच डिसेंबरला, मंगळवारी. तुमचं पत्र माझ्याकडे चोवीस नोव्हेंबरला आलं होतं.

मला ठाऊक नव्हतं असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. पहिल्या बाई आल्या तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. दीपाली नवऱ्याला दादा म्हणायला लागली तेव्हा मी तिला मोरीवर नेऊन विचारलं, “हा काय तमाशा गो?” ती म्हणाली, “ताई, थोडे दिवस. बायकांना दोन घटका आनंद होतो, आपलं भागतं. कुणाचा जीव जातोय का?” मी गप्प बसले. तुम्ही तिसऱ्या. तुमच्या ताटात मी दोनदा आमटी वाढली ती लाज वाटत होती म्हणून. आमटी तुम्हाला आवडली हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मी ते पत्र तिथेच मिटलं.

तुमचं पत्र मी दीपालीला दाखवलं. मालवणचं, इंजिनाचं, तापाचं सगळं तिने सांगितलं आणि मी लिहिलं. अक्षर माझं आहे.

आवडाबाई आल्या त्या दिवशी तुमचं पत्र फळीवर मिठाच्या बरणीखाली होतं. त्या गरीब होत्या बोलायला. मला मदत करायला म्हणून आत आल्या आणि बरणीतलं मीठ त्यांनीच काढून दिलं. पत्राला त्यांचा हात लागला. मग हळूच म्हणाल्या, “नेत्राताई, तुमचा भाऊ रागीट नाही ना? आमचे हे फार रागीट होते. आता तसं नको वाटतं.”

मी म्हटलं, “नाही हो. देवमाणूस आहे.”

कुणी मला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. दीपाली बाहेर होती. चुलीपाशी आम्ही दोघीच होतो. निघून जा, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मी देवमाणूस म्हटलं. त्यांचं तोंड एकदम मोकळं झालं. शिलाई मशीन आणलं तर चालेल का, ठेवायला जागा आहे का, असं विचारायला लागल्या. मी खिडकीखालची जागा दाखवली.

चौदा दिवसांनी त्या गेल्या.

हे पोलिसांना सांगितलेलं नाही. मला आत टाकतील याची भीती वाटते, हे खरं. पण त्याहून जास्त, हे मोठ्याने बोलावं लागेल याची वाटते.

नेत्रा


हेदवी
३ मार्च २०२४

नेत्राबाई,

माळ मिळाली. सानवीच्या लग्नात घातली. सगळ्या म्हणाल्या छान दिसते. मला ती मानेला रुतत होती. पंगत उठल्यावर काढून ठेवली.

तुमचं पत्र वाचून तुमचा खूप राग आला. आठ दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग वाटलं, आपलंही सांगून टाकावं, म्हणून लिहिते.

विनोदने मला पहिल्याच फोनला सांगितलं होतं की बोट गेल्या मे महिन्यात विकली, आता बर्फ पुरवतो. तुम्ही लिहिलंत की बोटीचं इंजिन मालवणला. तेव्हाच, अंगणवाडीच्या पायरीवर उभी राहून वाचतानाच, मला कळलं. सगळं कळलं. काटे काढून देणारी ती कोण, तेही कळलं. बहीण एवढं जवळ बसत नाही.

त्या दिवशी तीस नोव्हेंबर होता. आवडाबाई पाच डिसेंबरला तुमच्या घरी आल्या. मधले पाच दिवस माझ्याकडे होते. गुहागरला जाऊन तक्रार दिली असती तर पोलीस तुमच्या निळ्या दाराशी आले असते, आणि त्या बाई परत गेल्या असत्या. मी नऊ तारखेपर्यंत थांबले आणि मग तुम्हाला लिहिलं, कानाला बांधायला सांगा. ठाऊक असून लिहिलं. कारण तक्रार दिली असती तर दादूभावोजींना कळलं असतं, जाऊबाईला कळलं असतं, वाडीला कळलं असतं की मालनला लग्न करायचं होतं. फसवली गेले याची मला तेवढी लाज नव्हती. मला हवं होतं, याची लाज होती.

तेव्हा मी आता जाणार आहे. तुमची तिन्ही पत्रं घेऊन, माळ घेऊन. माझीच माळ आहे, पण ती तुमच्या पिंपात सापडली हे त्यांना कळायला हवं. पुढच्या सोमवारी, अकरा तारखेला. आधीच सांगते, म्हणजे तुम्ही आधी जाऊ शकाल. आधी गेलात तर तुम्ही सांगितलं असं होईल. नंतर गेलात तर तुम्हाला धरून आणलं असं होईल. त्यात फरक आहे.

घरी मी काल सांगितलं. दादूभावोजी उठून आंब्याला पाणी घालायला गेले, ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. जाऊबाई माझ्याशी बोलत नाही.

मालन


मिरकरवाडा
२ मे २०२४

मालनबाई,

मी आठ तारखेला, शुक्रवारी गेले. महाशिवरात्र होती, पोलीस स्टेशनात माणसं कमी होती. दोन तास बाकावर बसले. शेवटी एक बाई हवालदार म्हणाली, “मावशी, काय हरवलंय?” मी म्हटलं, “हरवलं नाही. माझ्या घरी होतं ते सांगायला आले.”

त्यांनी मला आरोपी केलं. एकवीस दिवस आत होते, मग जामीन झाला. फोन त्यांच्याकडेच जमा आहे, म्हणून अजून पत्रच लिहिते. तुमचा जबाब झाल्यावर संगमेश्वरच्या आणि राजापूरच्या आणखी दोघी पुढे आल्या, हे तुम्हाला कळलं असेल. त्या दोघींनाही मी वाढलं होतं.

दीपाली कोर्टाच्या आवारात समोर आली. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, “ताई, आई असती तर असं केलं नसतंन.” मी दिवसभर त्याचाच विचार केला. मग वाटलं, आई असती तर पहिल्याच दिवशी मोरीवरून तिच्या थोबाडीत देऊन आली असती. मी आईची जागा घेतली आणि नेमकं तेच केलं नाही.

जाळी शिवायला आता कुणी बोलवत नाही. जेटीवर गेले की बायका टोपल्या उचलून सरकतात. त्यांचं चुकत नाही.

आवडाबाईंचा मुलगा अनिल आला होता. ठाण्याला असतो. माझा जबाब वाचून आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. मी त्याला सगळं सांगितलं, देवमाणूस म्हटलं तेही. मला वाटलं तो मारेल. त्याने विचारलं, “आई त्या दिवशी खूश होती का?” म्हणाला, “दोन वर्षं मी फोन केला नव्हता. तिने लग्नाचं काढलं म्हणून.”

मी हो म्हटलं. खूश होत्या. मशीन कुठे ठेवणार ते बघत होत्या. हे सांगितलं आणि मला जमिनीत जावंसं वाटलं, कारण त्या खूश होत्या त्या माझ्या बोलण्याने. तो खिडकीखालच्या त्या जागेकडे बघत राहिला आणि मग गेला.

तुम्ही आधी कळवलंत, त्याचे उपकार आहेत. आता मी लिहिणार नाही. तुमच्या दारात माझं पत्र येऊ नये.

नेत्रा


हेदवी
१८ जानेवारी २०२६

नेत्राताई,

निकालाच्या दिवशी कोर्टात तुम्हाला बघितलं. तुम्ही मान खाली घातली, मीही घातली. बोलायचं राहून गेलं म्हणून लिहिते. दोघांना जन्मठेप झाली ते ऐकताना मला आनंद होईल असं वाटलं होतं. दीपाली मागे वळून तुम्हाला शोधत होती आणि तुम्ही खांबाआड गेलात, तेवढंच डोळ्यांपुढे राहिलं आहे.

तुम्ही माफीचा साक्षीदार झालात हे बरं झालं. पण ती माफी कोर्टाची. मीही तुम्हाला माफ केलं असं लिहावं म्हणून कागद घेतला होता. माझ्या पाटल्या, माझा फोन, मला दोनदा वाढलेली आमटी, एवढं मी सोडलं. आवडाबाईंचं मी कोण सोडणार?

माझी साक्ष झाली त्या दिवशी तुम्ही नव्हतात, म्हणून सांगते. त्यांचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, या वयात तुम्हाला लग्नाची हौस होती?” कोर्टात दोन-चार माणसं हसली. माझ्या मागे जाऊबाई बसली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली होती, तीही भावोजींनी पाठवलं म्हणून.

मी म्हटलं, “होय. होती.”

वकील हातातले कागद चाळायला लागला. मीच परत म्हटलं, “अजूनही आहे.” साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं.

परतताना जयगडला तवसाळच्या फेरीबोटीत आम्ही दोघी कठड्याला उभ्या होतो. जाऊबाई म्हणाली, “मला का नाय सांगितलंस गो?”

मी म्हटलं, “तू हसली असतीस.”

बोट पलीकडे लागायला आली तेव्हा ती म्हणाली, “हसलेच असते.” आणि माझी पिशवी उचलून पुढे गेली. तेव्हापासून बोलते.

पण तुम्हाला लिहायला बसले ते यासाठी नाही. त्या पाच दिवसांचं मला कोर्टात कुणी विचारलं नाही. पत्र कधी मिळालं ते विचारलं, वाचून काय कळलं ते विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरले तर सगळे म्हणायला लागले, धीराची बाई. पेपरातही तसंच आलं. अनिलने येऊन माझ्या पायाला हात लावला. मी त्याला लावू दिला.

तुम्ही त्याच्या तोंडावर सगळं सांगितलंत. मला ते जमलं नाही. गेल्या महिन्यात त्याला पत्र टाकलं. तीस नोव्हेंबरला मला काय कळलं होतं आणि मी काय केलं नाही, ते तारखेसकट लिहिलं. तुमच्याकडून ठाण्याचा पत्ता मागणार होते, पण मग वकिलांकडून घेतला. हे मला तुमच्या आडून करायचं नव्हतं.

उत्तर आलेलं नाही. येईल असं नाही. टपाल साडेअकराला येतं, तेव्हा मी पोरांना बाईंकडे सोपवून दारात येऊन उभी राहते.

तुम्ही लिहा. घरच्या पत्त्यावर लिहिलंत तरी चालेल.

मालन